पूर्वेला डोंगर, पश्चिमेला नदी

उल्हासनगरच्या १३ चौरस किलोमीटरांत २०११च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. अशा शहरात सकाळी पायात बूट चढवून बाहेर पडलेल्याला फूटपाथवर लावलेल्या दुचाक्या, चौकातली रिक्षांची रांग आणि एकाच मैदानात चाललेले क्रिकेटचे चार-पाच डाव भेटतात. अंबरनाथ आणि बदलापूर त्या मानाने मोकळी, पण तिथेही स्टेशनच्या आसपास निवांत पळायला जागा राहिलेली नाही. मग कुणी सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरतं, कुणी जिमचे पैसे भरतं आणि बरेच जण चालणंच सोडून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. डोंगररांग आणि बारमाही नदी या दोन्ही गोष्टी एका सकाळच्या फेरीत गाठता येतील अशी शहरं मुंबईच्या लोकल मार्गावर फार थोडी आहेत, आणि ही तिन्ही त्यांत मोडतात. वाटा आहेत. त्या बघायची सवय लागली पाहिजे.

सुरुवात दिशांपासून करू, कारण इथे जुन्या रहिवाशांचाही घोटाळा होतो. मुंबईहून कल्याणपर्यंत रेल्वे साधारण ईशान्येकडे येते आणि कल्याणनंतर कर्जतचा फाटा आग्नेयेकडे वळतो. रूळ वळले, पण स्टेशनच्या दोन बाजूंची 'पूर्व' आणि 'पश्चिम' ही नावं तशीच पुढे चालत आली. त्यामुळे अंबरनाथ 'पूर्वे'चं शिवमंदिर होकायंत्र लावून पाहिलं तर स्टेशनच्या नैऋत्येला येतं, आणि बदलापूर 'पश्चिमे'तून उल्हास नदीकडे निघालेला माणूस खरं तर ईशान्येकडे चाललेला असतो. इथे सूर्य स्टेशनच्या पश्चिमेकडून उगवतो आणि पूर्वेच्या डोंगरामागे मावळतो. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा वाचणं सोपं होतं, सकाळचं ऊन तोंडावर घ्यायचं की पाठीवर हेही आधी ठरवता येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट कळते ती ही: पूर्वेला बाहेर पडलं की डोंगर, पश्चिमेला बाहेर पडलं की नदी. पूर्वेकडे मलंगगड, तावली, नवरा-नवरी, चंदेरी, म्हैसमाळ अशी थेट माथेरानपर्यंत गेलेली रांग. पश्चिमेकडे उल्हास, तिच्या काठची भातखाचरं आणि पलीकडे बारवीचं रान. आज चढ हवा की सपाटी, एवढंच ठरवायचं आणि त्या बाजूचा जिना उतरायचा.

शांत वाट शोधायची माझी पहिली रीत म्हणजे पाण्यामागून जाणं. डोंगरातून आलेला ओहोळ, धरण, तलाव, बंधारा, जलवाहिनी असं पाणी जिथे असतं, तिथे माणसाची जुनी पायवाट असतेच. शिवाय पाण्याच्या कडेला बांधकाम उशिरा पोचतं. फोनवरच्या नकाशात उपग्रहाचं चित्र लावा आणि आपल्या घरापासून पाच किलोमीटरच्या आतले निळे-हिरवे ठिपके पाहा. त्या ठिपक्यांकडे जाणाऱ्या बारीक मातकट रेघा दिसतील. डांबरी रस्ता करडा दिसतो, कच्चा रस्ता तांबूस किंवा पिवळसर. ऐन पावसाळ्यातलं चित्र असेल तर या रेघा हिरवळीत बुडून जातात, म्हणून शक्य तर उन्हाळ्यातलं चित्र बघावं.

याला जोडून आणखी दोन नकाशे पाहावेत. भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून पन्नास हजारांस एक या प्रमाणाचे नकाशे सर्वसामान्यांना मोफत उतरवून घेता येतील अशी सोय केली आहे. त्यांत गाडीरस्ते, पायवाटा, विहिरी आणि देवळं दाखवलेली असतात, डोंगराचा चढ किती उभा आहे हेही उंचीच्या रेषांवरून कळतं. रेषा जवळजवळ असतील तर वाट दमवणार. दुसरा नकाशा म्हणजे धावणाऱ्यांच्या स्ट्राव्हासारख्या ॲपवर दिसणारा, लोक कुठून जास्त पळतात तो नकाशा. जाड उजळ रेघा म्हणजे गर्दीचे रस्ते. आपल्याला हव्यात त्या फिकट, बारीक रेघा, कारण तिथे कुणीतरी जातं, पण जथा जात नाही. अशा ॲपवर आपलं घर जिथे आहे तो सुरुवातीचा भाग इतरांना दिसणार नाही अशी सोय असते, ती आधी लावून ठेवा. घरचा पत्ता आणि घराबाहेर असण्याची वेळ जगाला कळवायचं काही कारण नाही.

पण सगळ्यात पक्की माहिती माणसांकडून मिळते. पहाटे गावातून शहरात येणारे दूधवाले, भाजीच्या पाट्या घेऊन लोकलने उतरणाऱ्या मावश्या, गुरं घेऊन निघालेले गुराखी यांना कुठली वाट कुठे फुटते, पावसात कुठे चिखल होतो, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात हे तोंडपाठ असतं. "काका, ही वाट पुढे निघते का, की शेतात संपते?" एवढं विचारायचं. उत्तर देताना ते हाताने दिशा दाखवतात आणि वाटेतल्या खुणा सांगतात, त्या खुणा लक्षात ठेवायच्या. अंतराबाबत मात्र थोडं जपून. गावच्या माणसाचं "हे काय, इथेच" कधीकधी चार किलोमीटरचं निघतं.

ज्यांना आपल्या परिसराच्या जुन्या रचनेत रस आहे त्यांनी ना. गो. चापेकरांनी १९३३ साली बदलापूर गावावर लिहिलेलं पुस्तक मिळवून वाचावं. एका गावाचा इतका बारकाईने घेतलेला धांडोळा मराठीत त्याआधी क्वचितच झाला होता. आज उभ्या असलेल्या इमारतींखाली कसलं गाव होतं याची कल्पना असली की उरलेल्या वाटा नीट दिसू लागतात.

आता प्रत्यक्ष वाटा. पूर्वेच्या बाजूची मला सगळ्यात प्रिय दिशा म्हणजे अंबरनाथच्या शिवमंदिराकडून काकोळ्याकडची. मंदिर शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखावर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे. भूमिज शैलीतलं हे मंदिर वालधुनीच्या काठी उभं आहे. स्टेशनपासून इथपर्यंतचा रस्ता शहराचाच आहे, त्यामुळे हा टप्पा चालत काढावा, अंग गरम होऊ द्यावं. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र सोडली तर पहाटे आवारात निवांतपणा असतो. तिथून पुढे काकोळे गावाच्या दिशेने सरकत गेलं की इमारती विरळ होतात आणि समोर मलंगगड-तावलीची रांग उघडी होते. काकोळ्याजवळ रेल्वेचं जुनं धरण आहे, लोक त्याला जीआयपी टँक म्हणतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ते आपल्या पाण्याच्या गरजेसाठी बांधलं. या कंपनीची गाडी १८५६ साली कल्याणहून या बाजूने खोपोलीपर्यंत धावू लागली होती, आणि वाफेच्या इंजिनाला कोळशाबरोबर पाणीही भरपूर लागायचं. स्टेशनपासून धरणापर्यंत पाच किलोमीटरच्या आसपास अंतर धरा. जाऊन-येऊन दहा, म्हणजे रविवारच्या लांब पल्ल्याला पुरेसं. धरण रेल्वेच्या मालकीचं आहे, तेव्हा जिथे कुंपण किंवा फलक असेल तिथून मागे फिरायचं, आणि पाण्यात उतरायचं नाही.

या वाटेवर वालधुनीचं एक वेगळंच रूप दिसतं. काकोळ्याच्या डोंगरातून निघते तेव्हा ती साधी, स्वच्छ डोंगरी नदी असते. खाली अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतून आणि उल्हासनगरातून जाताना तिचा रंग आणि वास बदलत जातो. २०१४च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात या नदीत सोडलेल्या रसायनांतून निघालेल्या वायूने शेकडो लोकांना त्रास झाला होता. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की वालधुनीच्या काठाने पळायचं ते फक्त वरच्या अंगाला. खालच्या भागात दीर्घ श्वास घेत पळणं हे व्यायामाच्या नावाखाली फुप्फुसांवर अत्याचार करणं आहे. हीच काळजी कारखान्यांजवळच्या प्रत्येक रस्त्याला लागू. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि धूरही तिच्यासोबत खालीच अडकतो. त्या दिवसांत वास जाणवला तर वेग वाढवून तिथून निसटायच्या भरीस पडू नका, सरळ दिशा बदला. ऊन थोडं वर आल्यावर हवा मोकळी होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी औद्योगिक पट्टा पूर्ण टाळावा.

पश्चिमेच्या बाजूला उल्हास. ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, याचं एक कारण टाटांचं भिवपुरीचं जलविद्युत केंद्र. घाटमाथ्यावरच्या धरणाचं पाणी वीज तयार करून खाली येतं आणि उल्हासला मिळतं. त्यामुळे मे महिन्यात आजूबाजूचे ओहोळ कोरडे पडलेले असताना इथे काठाला गारवा असतो. बदलापूर पश्चिमेतून जुन्या गावाकडे आणि पुढे नदीकडे जाणं हा या भागातल्या नवख्या चालणाऱ्यासाठी सगळ्यात चांगला धडा. बॅरेज बंधाऱ्याचा परिसर, वालिवलीची बाजू, नदीकाठची चौपाटी, हे सगळं सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही, चुकायची भीती नाही. संध्याकाळी चौपाटीवर गर्दी असते, म्हणून सकाळ धरावी. काठाच्या झाडांवर खंड्या, वेडा राघू, पाणकावळे दिसतात. पक्षी बघत चालायचं असेल तर पळायचा आग्रह त्या दिवशी सोडून द्या. दोन्ही एकत्र नीट होत नाहीत.

पूल ओलांडून एरंजाडवरून मुळगावकडे गेलं की सपाटी संपते. मुळगावला टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत. पायाची ताकद वाढवायला याहून चांगली जागा आसपास नाही. चढताना चालायचं, श्वास टिकवायचा. उतरताना मात्र पळायचा मोह आवरायचा, कारण गुडघ्याची दुखणी बहुतेक उतारावर सुरू होतात. वरून बारवीच्या बाजूचं रान आणि नदीचं खोरं दिसतं. पुढचा बारवी धरणाकडचा रस्ता झाडीतला आणि सुरेख आहे, पण शनिवार-रविवारी फार्महाऊसकडे जाणाऱ्या गाड्या तिथून सुसाट जातात. कामाच्या दिवशी सकाळी जा किंवा सुट्टीच्या दिवशी उजाडताच जाऊन लवकर परत फिरा. धरण औद्योगिक विकास महामंडळाचं आहे, त्याच्या भिंतीवर किंवा आवारात शिरण्याचा प्रयत्न करू नये.

अंबरनाथ पश्चिमेकडून वसत, शेलवली, जांभूळ या गावांच्या बाजूला निघालं तरी वाट शेवटी उल्हासकडेच जाते. जांभूळला बारवीच्या पाण्याचं शुद्धीकरण होतं आणि तिथून मोठ्या जलवाहिन्या शहरांकडे निघतात. या जलवाहिन्यांच्या कडेने देखभालीसाठी ठेवलेले कच्चे पट्टे काही ठिकाणी चालायला उत्तम आहेत, काही ठिकाणी मात्र त्यांचे हमरस्ते झाले आहेत. काटई-बदलापूर पाइपलाइन रस्ता चालणाऱ्याने सोडूनच द्यावा. जलवाहिनीच्या पाठीवरून चालत जाणारी मुलं दिसतात. त्यांचं अनुकरण करू नका, ओला पाइप फार निसरडा असतो.

बदलापूर पूर्वेकडून खरवईच्या बाजूने भोज आणि कोंडेश्वरकडे जाणारी दिशा मी फक्त नोव्हेंबर ते मे या काळासाठी सांगेन. समोर चंदेरीचा सुळका सतत दिसत राहतो. कोंडेश्वरचं शंकराचं देऊळ आणि तिथला धबधबा पावसाळ्यात हजारो माणसं ओढून घेतात, आणि तिथल्या कुंडांनी आजवर अनेक तरुणांचे जीव घेतले आहेत. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली कातळात खोल खळगे आहेत, पोहणाऱ्यालाही ते चुकत नाहीत. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणं या ठिकाणी जायला मनाई करणारे आदेश काढतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. दर वर्षी जूनमध्ये त्या वर्षीचा आदेश कुठल्या ठिकाणांना लागू आहे हे वर्तमानपत्रात बघून घ्या आणि तो पाळा.

उल्हासनगरकरांचं काय? हे शहर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी वसलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरं, कारखाने, दुकानं यांनी जागा भरून गेली ती भरूनच. गोल मैदान रोजच्या चाळीस मिनिटांसाठी ठीक आहे, पहाटे साडेपाचला गेलात तर निवांतही मिळतं. आठवड्यातल्या एका मोकळ्या सकाळसाठी मात्र मी वेगळं सुचवेन: उलटी लोकल पकडा. सकाळी सगळं जग मुंबईकडे धावत असतं, कर्जत-खोपोलीकडे जाणारी गाडी त्या मानाने मोकळी असते. उल्हासनगर किंवा विठ्ठलवाडीहून बदलापूर अगदी जवळ, आणखी एक स्टेशन पुढे वांगणी, मग शेलू. वांगणीला उतरलं की एका बाजूला चंदेरीची रांग, दुसऱ्या बाजूला उल्हासचं खोरं. कॅम्प ४ आणि ५ मधल्या लोकांना आशेळे-माणेरेवरून नेवाळीची बाजू जवळची, समोर मलंगगड ठेवून चालता येतं, पण तिथे बांधकाम आणि डंपर वाढले आहेत, वेळ पहाटेचीच हवी. कॅम्प १ च्या लोकांनी शहाडवरून म्हारळ, वरप, कांब्याकडची उल्हासची बाजू धुंडाळावी, मात्र मुरबाडच्या महामार्गाच्या कडेने नव्हे तर गावांच्या आतल्या रस्त्यांनी.

नवी वाट सापडली की पहिल्या दिवशी पळायचं नाही. उजेडात, शक्य तर दोघांनी, चालत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. जाताना वळणावर मागे वळून बघत राहा, परतताना वाट वेगळीच दिसते आणि फाट्यावर फसगत होते. मोबाइलची रेंज कुठे जाते, कुत्र्यांची टोळी कुठे बसते, पाणी कुठे मिळतं, रिक्षा मिळण्याचं शेवटचं ठिकाण कुठलं एवढं टिपून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला हळू पळा. सिमेंटच्या रस्त्यावर सवय झालेल्या पायाला खडीच्या वाटेवर घोटा सांभाळायला वेळ लागतो, तो द्या. घरी कुणाला तरी वाटेचं नाव आणि परतायची वेळ सांगून निघा. एकट्या जाणाऱ्या बायकांनी फोनवरून आपलं ठिकाण घरच्यांना सतत दिसेल अशी सोय चालू ठेवावी, ११२ हा क्रमांक पटकन लागेल असा ठेवावा. माझा अनुभव असा की शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून एकच वाट आणि एकच वार धरला की थोड्याच दिवसांत वाटेवरची माणसं ओळखू लागतात, आणि एखाद्या दिवशी दिसलं नाही तर विचारतातही. सुरक्षिततेची याहून भरवशाची सोय मला माहीत नाही.

लोक हटकून एक चूक करतात, रुळांच्या कडेने चालतात. अंबरनाथ-बदलापूरमध्ये रुळांलगतची पायवाट सरळ आणि मोहक दिसते. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे हा गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी कानात इअरफोन घालून रुळांजवळून पळणाऱ्याला मागून येणारी गाडी कळत नाही. अंबरनाथच्या आयुध निर्माणीच्या हद्दीजवळही फलक वाचून लांब राहा, तिथे फोटो काढू नका.

कुत्र्यांसमोर पळू नये. थांबावं, नजर न भिडवता, पाठ न दाखवता हळू पुढे सरकावं. हातात काठी असावी, उगारायला नव्हे, अंतर राखायला. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. सापांचं सांगायचं तर जून ते ऑक्टोबर गवतातून चालू नये, उघडी वाट दिसते तिथूनच जावं आणि अंधारात बॅटरी पायाशी ठेवावी. घोणस आणि फुरसं दगड-पाचोळ्यात बेमालूम मिसळतात. बिबट्याचा या भागात वावर आहे, जानेवारी २०१९ मध्ये तर एक उल्हासनगरात एका बंगल्यात शिरला होता. झाडीतल्या वाटांवर पुरता उजेड झाल्याशिवाय जायचं नाही आणि दिवेलागणीच्या आत परतायचं, एवढा नियम पुरतो. जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो, जानेवारीत सव्वासात होतात. म्हणून पहाटेची वेळ ऋतूप्रमाणे पुढे-मागे करावी लागते, वर्षभर एकच गजर लावून चालत नाही.

ऋतूंचं वेळापत्रक इथे फार ठळक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोन्याचा काळ. बदलापूरची पहाट मुंबईपेक्षा चांगलीच गार असते, भात झोडून झालेला असतो, खाचरं कोरडी असतात आणि बांधांमधून मनसोक्त हिंडता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलते. मार्चपासून शेतकरी राब भाजतात, त्या दिवसांत वाटेवर धूर भेटतो, त्याला वळसा घालायचा. एप्रिल-मे मध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आठच्या आत घरी. याच दिवसांत करवंदं आणि मागोमाग जांभळं येतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती टोपली घेऊन बसलेल्या आदिवासी बायकांकडून घ्या, भाव न करता घ्या. झाडावरून स्वतः पाडू नका, ते कुणाचं तरी उत्पन्न आहे.

पावसाळ्यात मात्र नदीकाठ सोडून द्यायचा. २६ जुलै २००५चा पूर कुणी विसरलेला नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, हजाराच्या आसपास प्रवासी नौदल, आपत्ती दलाच्या होड्या आणि गावकऱ्यांच्या मदतीने बाहेर काढावे लागले. रुळांच्या उंचीपर्यंत जी नदी येते तिच्या काठाने आपण पळत असतो, हे लक्षात ठेवा. इथे लख्ख ऊन असलं तरी कर्जत-लोणावळ्याच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी चढतं. त्या महिन्यांत गावांच्या आतले डांबरी रस्ते धरावेत. काळ्या कातळावर शेवाळ धरतं, त्यावर कुठलाही बूट टिकत नाही. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पाण्यातून गेल्यावर पुढच्या महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.

या वाटा रिकाम्या जमिनीवरून जात नाहीत, कुणाच्या तरी शेतातून, ठाकूर-कातकरी वाड्यांच्या अंगणासमोरून जातात. आवणीच्या दिवसांत बांधावरून चालू नका, ओला बांध पायाखाली ढासळला तर खाचराचं पाणी वाहून जातं आणि शेतकऱ्याला तो पुन्हा घालावा लागतो. बैल, गुरं आली तर आपण बाजूला व्हायचं. वाडीतून जाताना पळणं थांबवून चालत जावं, भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला रामराम घालावा. विहिरीवर बायका असतील तर तिथे पाण्यासाठी थांबू नये. मुलांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. पाण्याची बाटली घरून न्यावी आणि रिकामी घरीच आणावी. स्पीकरवर गाणी लावून जाणाऱ्यांना मी वाटेवर थांबवून विनंती करते. बहुतेक जण ऐकतात.

आणखी एक काम आहे, आणि ते चालणाऱ्यांनीच करायचं आहे. या तिन्ही शहरांच्या कडेच्या वाटा झपाट्याने बंद होत आहेत. एक दिवस तारेचं कुंपण पडतं, मग गेट येतं, मग सुरक्षारक्षक बसतो. त्यातली प्रत्येक वाट खासगी असते असं नाही. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. हे नकाशे भूमिअभिलेख कार्यालयात प्रत मागून मिळतात. शेताच्या बांधावरून जायच्या हक्काबद्दल जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, पण तो हक्क शेतकऱ्यांसाठी आहे. वाट अडवली गेली तर आपल्यासारख्या फिरणाऱ्यांनी आधी गावातल्या त्या लोकांशी बोलावं ज्यांना ती शेतात जायला लागते, आणि त्यांच्या अर्जाला साथ द्यावी. नगरपालिका किंवा महापालिका विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करते तेव्हा हरकती आणि सूचना मागवते. त्या मुदतीत नदीकाठ, तलावाची कड आणि जुनी पायवाट चालण्यासाठी राखून ठेवा अशी लेखी सूचना द्या. एकट्याने देण्यापेक्षा वाटेवर रोज भेटणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घेऊन द्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. अर्जाला गाव नकाशाची प्रत आणि त्या वाटेचे पावसाळा, हिवाळा, उन्हाळ्यातले तारखेसह काढलेले फोटो जोडा.